कायद्यात नाव नसलेले जाळे

आपल्याकडे रेंज येते आणि जाते. पाऊस येतो, एसटी येते, लाइट जाते, तशीच रेंज. विहीर आपण खणतो, बंधारा आपण घालतो, देवळाचा जीर्णोद्धार वर्गणी काढून आपण करतो. इंटरनेट मात्र कुठून तरी येते. नाही आले तर टेकडीवरच्या ठरावीक दगडापाशी किंवा शाळेच्या गच्चीच्या ठरावीक कोपऱ्यात जाऊन त्याची वाट पाहायची. २०२० च्या टाळेबंदीत कोकणात, सातपुड्यात, मेळघाटात किती मुलांनी अशा दगडांवर बसून वर्ग केले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. टाळेबंदी उठली. दगड अजून तिथेच आहेत, आणि अनेक पाड्यांवर संध्याकाळी अजूनही तिथेच गर्दी जमते.

हे पुस्तक ते क्रियापद बदलण्याविषयी आहे. रेंज येण्याची वाट न पाहता गावाने ती आणावी, स्वतःचे जाळे बांधावे, ते चालवावे, त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचावा, असे जगात अनेक ठिकाणी घडले आहे. त्याला सामुदायिक नेटवर्क म्हणतात. अँटेना कुठे लावायची, बॅटरी किती मोठी घ्यायची, वर्गणी कशी ठरवायची, हे पुढच्या प्रकरणांत येईल. प्रस्तावनेत मला बोलायचे आहे ते या साऱ्याच्या आड उभ्या असलेल्या कायद्याबद्दल. तंत्र शिकता येते, पैसा जमवता येतो. पण आपण जे करतो आहोत त्याला कायद्यात नावच नसेल, तर पहिल्या तक्रारीला सगळे कोसळते.

आधी थोडे पाण्याबद्दल, कारण सामायिक साधन मिळून चालवणे आपल्याला नवे नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. काही बंधाऱ्यांवर ती आपल्या काळापर्यंत टिकली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात त्या हंगामात एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळी सगळ्यांची सारखी. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या, आणि त्यांचे मोल शेतकऱ्यांनी मिळून द्यायचे. पाणी कमी पडले तर कोणी किती सोसायचे, हे आधीच ठरलेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामायिक साधनसंपत्ती लोक कसे नियम करून सांभाळतात, याच्या अभ्यासाबद्दल. आणि त्या अभ्यासाचा एक भाग नेपाळमधल्या शेतकऱ्यांच्या पाटांवर झाला होता. इंटरनेटचेही तसेच. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ साली सुरू झालेले 'गुईफी' हे जाळे आज हजारो जोडांचे आहे. जो जोडला जातो तो आपल्या उपकरणातून दुसऱ्यांचीही वाहतूक जाऊ देतो, अशी त्याची लेखी अट आहे. गुईफीची माणसे आपल्या जाळ्याला सामायिक संपत्ती म्हणतात. त्यांची सनद फडातल्या शेतकऱ्याला वाचून दाखवली, तर त्यात त्याला फारसे नवे काही वाटणार नाही.

नेपाळचाच एक किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण कायदा आणि गाव यांचे नाते त्यात उघडे दिसते. म्याग्दी जिल्ह्यातले नांगी हे डोंगरातले गाव. तिथले शिक्षक महावीर पुन अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात शिकून गावी परतले. शाळेसाठी मिळालेले जुन्या संगणकांचे भाग त्यांनी लाकडी खोक्यांत बसवले. संगणक झाले, पण इंटरनेट पोखरा शहरात. पायवाट आणि मग बस, असा तो पल्ला. २००१ मध्ये पुन यांनी बीबीसीला पत्र लिहून मदत मागितली. जगभरातून लोक धावले, कोणी उपकरणे दिली, कोणी स्वतः डोंगर चढून आले. उंच झाडांवर आणि डोंगरधारांवर अँटेना बसल्या, सौरपट्ट्यांवर त्या चालल्या. शहरातल्या डॉक्टरशी गावातली आरोग्यसेविका बोलू लागली, वरच्या कुरणांतले याकपालक खालच्या बाजाराशी बोलू लागले.

हे सगळे झाले तेव्हा ते बेकायदा होते. माओवादी संघर्षाचा काळ होता, बिनतारी उपकरणे आणण्यावर आणि वापरण्यावर बंदी होती, आणि ती उपकरणे चोरवाटेने देशात आली. २००६ मध्ये लोकशाही परतल्यावर नियम सैल झाले. २००७ मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कालपर्यंत ज्या कामासाठी शिक्षकाला अटक होऊ शकली असती, त्याच कामासाठी त्याला आशियातला मानाचा पुरस्कार मिळाला. अँटेना त्याच होत्या, झाडे तीच होती. बदलला होता तो फक्त सरकारी कागद.

आपला कागद फार जुना आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. इतरांनी परवाना घ्यावा. १९३३ च्या बिनतारी कायद्याने नुसते उपकरण बाळगायलाही परवाना लावला. परक्या राज्यकर्त्याला तारेची भीती का वाटत होती, हे १८५७ नंतर कोणाला सांगायला नको. पण स्वातंत्र्यानंतरही हाच सांगाडा राहिला, आणि टेलिफोन, पेजर, मोबाइल, इंटरनेट सगळे त्याच सांगाड्यावर टांगले गेले.

त्यात पहिली मोठी फट पडली जानेवारी २००५ मध्ये. सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला: एक वॉटपर्यंतचे प्रक्षेपण, अँटेनाची धार धरून चार वॉट. कागदावर ही एवढीशी ओळ. पण तिचा अर्थ असा की दोन घरांच्या छपरांवर समोरासमोर अँटेना लावून काही किलोमीटरचा दुवा कोणाचीही परवानगी न घेता जोडता येऊ लागला. धरमशाळेत त्याच वर्षी तिबेटी शाळा, रुग्णालये आणि संस्थांना जोडणारे जाळे उभे राहिले, आणि त्यातून पुढे 'एअरजल्दी' हा उपक्रम आला. तिथल्या माणसांना वायरी कुरतडणाऱ्या माकडांपासून यंत्रे वाचवायला शिकावे लागले, आणि त्यांनी ते शिकून घेतले. २०१० पासून डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने चंदेरीच्या विणकरांपर्यंत असेच बिनतारी इंटरनेट नेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. लहरींचा प्रश्न त्याने बऱ्याच अंशी सुटला.

पण एक दार उघडले तरी दुसरे बंद राहिले. लहर मोकळी झाली, सेवा मोकळी झाली नाही. शेजाऱ्याला इंटरनेट पुरवायचे तर तुम्ही इंटरनेट सेवादार, आणि सेवादाराला परवाना लागतो. अगदी छोट्या क्षेत्रासाठी 'क' वर्गाचा परवाना असतो आणि त्याचे प्रवेशशुल्कही डोळे पांढरे करणारे नसते. भार येतो तो त्यानंतर: बँक हमी, विवरणपत्रे, वापरकर्त्यांच्या नोंदी जपणे, तपास यंत्रणांना हवी ती सोय देणे. आणि या सगळ्याच्या आधीची अट अशी की हा परवाना ज्याचा भाग आहे त्या एकीकृत परवान्याचा अर्जदार कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असला पाहिजे.

ही अट महाराष्ट्रातल्या वाचकाने पुन्हा एकदा वाचावी. ज्या राज्यात १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या राज्यात सहकारी संस्थेला या परवान्यासाठी अर्जही करता येत नाही. दूध संघाला नाही, बचत गटांच्या महासंघाला नाही, ग्रामपंचायतीला नाही. कायद्याला दोनच माणसे माहीत आहेत, विकणारा आणि विकत घेणारा. स्वतःसाठी बांधणारे गाव त्याच्या नजरेत नाही.

सरकारची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. ज्याचे वायफाय, त्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे निर्देश काढले. ही भीती खोटी नाही. पण तिचा भार कोणी किती उचलायचा, हे ठरवता येते. जर्मनीत उघड्या वायफायवरून दुसऱ्याने काही गैर केले तर मालकाला जबाबदार धरले जाई. 'फ्रायफुंक' या लोकजाळ्याचे कार्यकर्ते त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले, आणि २०१७ मध्ये तिथल्या संसदेने मालकाच्या डोक्यावरचे हे ओझे उतरवले. ओळख पटवण्याची सोपी, स्वस्त आणि सामायिक व्यवस्था सरकारने दिली, तर कुठलेही गाव ती आनंदाने पाळेल. दहा हजार वस्तीच्या गावाकडून कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीइतकी कागदपत्रे मागणे याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' मंजूर केली, तेव्हा हे दार अर्धे उघडले. जुन्या पीसीओच्या पिवळ्या पाटीची आठवण ठेवून केलेली ही योजना. किराणा दुकानदार, चहावाला 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतो, त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. मला ही योजना मनापासून आवडते. पण दुकानदाराने लाइन कुठून घ्यायची? कंपन्यांनी त्याच्याकडून मोठ्या धंद्याच्या महागड्या जोडणीचे दर मागितले. शेवटी जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर जोडणी अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. साडेचार वर्षे गेली त्या एका ओळीला. तरीही वाणीतला दुकानदार हा विक्रेताच. मधले दुवे, पाड्यापाड्यांवरचे खांब, सगळ्यांच्या मालकीची बॅटरी यांना ती योजना नाव देत नाही.

आता पालघर. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने तिथे 'ग्राम मार्ग' नावाचा प्रयोग केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या लहरींपैकी देशात फारच थोड्या वापरात आहेत. याच गटाच्या अभ्यासानुसार त्या पट्ट्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या जवळपास सगळीकडे मोकळ्या सापडतात. या लहरींचा गुण असा की त्या झाडीतून जातात. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर पानांत अडकते. पावसाळ्यात रान माजल्यावर उन्हाळ्यात उत्तम चालणारा दुवा मान टाकतो. पालघरचे पाडे झाडीत दडलेले, एकमेकांपासून दूर. तिथे दूरदर्शनच्या मोकळ्या लहरींवर सात गावे-पाडे जोडून दाखवले, तेही प्रायोगिक परवाना काढून. पुढे मोकळ्या ५ गिगाहर्ट्झवर आणखी गावे जोडली, आणि पंचायतीला भागीदार धरणारी व्यवस्था मांडली. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला पहिले बक्षीस मिळाले. पण दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या त्या मोकळ्या लहरी गावांच्या हाती कधी आल्या नाहीत. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास सिद्ध झालेली गोष्ट प्रयोगाच्या परवान्यावरच थांबली. याचे मला फार वाईट वाटते.

आणि हे भारतनेट या सरकारी फायबर योजनेच्या शेजारी घडत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. फायबर पंचायतीपर्यंत येतो. कोकणातल्या वाड्या, पालघरचे पाडे, गडचिरोलीचे टोले तिथून दोन-तीन मैल, मध्ये ओढा, मध्ये डोंगर. पाट गावाच्या वेशीपर्यंत आला आणि शेतात चारी नाही, अशी ही अवस्था. चारी खणायचे काम गावाचे, आणि तेवढेच काम सामुदायिक नेटवर्क करते.

बाहेरच्या देशांनी काय केले? मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरातल्या तालेआ दे कास्त्रो गावाने २०१३ मध्ये स्वतःचे मोबाइल जाळे उभारले, कारण मोठ्या कंपन्यांनी यायला नकार दिला होता. पुढच्या वर्षी तिथल्या दूरसंचार कायद्यात 'सामाजिक वापर' हा वेगळा परवाना आला, आणि २०१६ मध्ये आदिवासी गावांच्या संस्थेला तो मिळाला. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमध्ये मांकोसी इथल्या लोकांनी 'झेन्झेलेनी' म्हणजे 'तुमचे तुम्हीच करा' या नावाची सहकारी संस्था नोंदवली. तिथल्या नियामकाने तिला परवान्यातून सूट दिली. सौर केंद्रांवर फोन चार्ज करून देणे हाही तिच्या उत्पन्नाचा भाग. अर्जेंटिनाने २०१८ मध्ये आणि केनियाने २०२१ मध्ये सामुदायिक नेटवर्कांसाठी वेगळी तरतूद केली. हे काही श्रीमंत देश नाहीत, आणि त्यांच्या सुरक्षेला त्याने तडा गेल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडेही इतर बाबतींत हे घडलेले आहे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली, आणि २००८ मध्ये म्हसवडला माणदेशी बायकांचा आवाज हवेत गेला. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांना कायदेशीर जागा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाची हक्कदार म्हटले. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचे पुस्तक केंद्रीय मंत्र्यांनी तिथल्या ग्रामसभेच्या हाती ठेवले. मेंढ्याच्या लोकांनी त्याआधीही जंगल राखलेच होते. पण कायद्याने गावाला नाव दिले, तेव्हा बांबूची मोळी चोरीची राहिली नाही. पाणी, जंगल, रेडिओ तिन्हींत गावाला नाव मिळाले. इंटरनेटमध्ये ते अजून नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि १८८५ च्या कायद्याला निरोप देण्याचे ठरवले. तिसऱ्या कलमाने पुन्हा तीच चौकट आखली: सेवा द्यायला, जाळे उभारायला, बिनतारी उपकरण बाळगायला सरकारची अधिकृत परवानगी हवी. ती नसताना जाळे चालवले तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे: सार्वजनिक हितासाठी केंद्र सरकार या अटीतून सूट देऊ शकते. संसदेत नवे विधेयक लागत नाही. ना-नफा, ग्रामसभेला हिशेब देणाऱ्या, ठरावीक क्षेत्रापुरत्या जाळ्यांना या पोटकलमाखाली एका अधिसूचनेने जागा देता येते.

कायदा बदलला की सगळे सुरळीत होईल, अशी खोटी आशा मात्र मला वाचकाला द्यायची नाही. आपला सहकाराचा इतिहास अभिमानाचा आहे, तसा शिकवणारा आहे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशके गावांना वीज पुरवत होती. थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. त्यात चूक कोणाची यावर अहिल्यानगर जिल्ह्यात आजही वाद होतात. मला त्यातून दिसते ते इतकेच, की वसुली ढासळली की मालकी टिकत नाही. वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सत्तरेक गावांत संगणक केंद्रे उघडली, देशभर नाव झाले. काही वर्षांत त्या संगणकांचे काम मुख्यतः उसाच्या वजनाच्या आणि बिलाच्या नोंदींपुरते उरले, आणि पुढे त्यातला काही भाग साध्या मोबाइलच्या एसएमएसने स्वस्तात होतो असे प्रयोगाने दाखवले. लोकांना नेमके काय हवे, हे यंत्र विकत घेण्याआधी विचारायचे असते.

आणि एक प्रश्न मी स्वतः प्रत्येक गावात विचारतो: पहिला खांब कोणाच्या वस्तीत, शेवटचा कोणाच्या? पाणवठ्यांचा आपला इतिहास विसरण्यासारखा नाही. गावाचे जाळे म्हणताना त्यात दलित वस्ती, कातकरी वाडी, शेवटच्या टोकाचे धनगरांचे वाडे पहिल्या दिवसापासून नसतील, तर ती कंपनीची रेंज काय आणि गावाची रेंज काय. दुरुस्ती शिकणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्यात, हा माझा आग्रह आहे. मुलगे शिकले की पुण्या-मुंबईला जातात आणि खांबावरचा डबा मुका होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वाचकाला माझी एक विनंती आहे. पुढची प्रकरणे वाचून झाली की अँटेना विकत घेण्याआधी ग्रामसभेत विषय मांडा. आमच्या गावाला स्वतःचे जाळे ना-नफा तत्त्वावर चालवायचे आहे, त्यासाठी २०२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली सूट द्यावी आणि ग्रामसभेला व सहकारी संस्थेला अर्जदार म्हणून मान्यता द्यावी, असा ठराव करा. त्याची एक प्रत दूरसंचार खात्याला पाठवा, एक नियामक प्राधिकरणाला, एक तुमच्या खासदाराला, आणि पोचपावती जपून ठेवा.